जास्त वॅटचे बल्ब बसवूनही हेडलाइट मंद राहतो आणि होल्डर वितळतो: कारण शोधण्याची व सुरक्षित सुधारणेची पद्धत

हेडलाइटचा उजेड कमी पडतो म्हणून बाजारातून ९०/१०० वॅटचे बल्ब आणून बसवले जातात, सुरुवातीचे काही दिवस समाधान वाटते, आणि मग एका बाजूचा उजेड पुन्हा पिवळा पडू लागतो. काही आठवड्यांनी बल्ब जातो. तो बदलायला बॉनेट उघडले की प्लास्टिकचा होल्डर तपकिरी पडलेला किंवा वितळून बल्बच्या पत्तीला चिकटलेला आढळतो. होल्डर नवा घालून पुन्हा तसाच बल्ब बसवला की काही महिन्यांत हाच प्रकार नव्याने घडतो. ज्या गाड्यांत अपर आणि डिपर या दोन्हींसाठी एच-४ प्रकारचा एकच बल्ब असतो, त्या गाड्यांच्या मालकांना हा अनुभव इतका नित्याचा झाला आहे की अनेकांनी तो गाडीचा स्वभाव मानून स्वीकारला आहे. तसे करण्याचे कारण नाही. या तक्रारीचे मूळ बहुतेक वेळा बल्बमध्ये नसून बल्बपर्यंत विजेचा पुरवठा करणाऱ्या मार्गात असते, तो मार्ग साध्या मल्टीमीटरने (व्होल्टेज मोजणाऱ्या उपकरणाने) तपासता येतो, आणि तो दुरुस्त झाल्यावर कंपनीने दिलेल्या ६०/५५ वॅटच्या बल्बचाच उजेड पुष्कळांना पुरेसा वाटतो.

म्हणून माझा आग्रह आहे की नवा बल्ब विकत घेण्याआधी जुना बल्ब पेटलेला असताना होल्डरवर किती व्होल्टेज पोहोचते हे मोजावे. पुढचे सर्व निर्णय त्या एका आकड्यावर ठरतात.

व्होल्टेज थोडे घटले तरी उजेड इतका का घटतो

हॅलोजन बल्बचा उजेड व्होल्टेजच्या सम प्रमाणात बदलत नाही. तो व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घातानुसार बदलतो. याचा अर्थ असा की व्होल्टेज ५ टक्के घटले तर उजेड सुमारे १६ टक्के घटतो आणि व्होल्टेज १० टक्के घटले तर जवळजवळ ३० टक्के उजेड नाहीसा होतो. एच-४ बल्बचा अधिकृत उजेड १३.२ व्होल्टवर मोजला जातो आणि तो अपरसाठी १६५० ल्युमेन (ल्युमेन हे प्रकाशाचे माप) व डिपरसाठी १००० ल्युमेन इतका धरलेला असतो. आता इंजिन चालू असताना बॅटरीवर १४ व्होल्ट दिसत आहेत, पण पेटलेल्या डिपरच्या होल्डरवर १२.२ व्होल्टच पोहोचत आहेत, अशी गाडी घ्या. जुन्या छोट्या गाड्यांत असे आकडे सहज आढळतात. त्या बल्बचा उजेड त्याच्या अधिकृत क्षमतेच्या तीन चतुर्थांशाच्या आसपास राहतो. वाटेत हरवलेल्या १.८ व्होल्टपैकी १.५ व्होल्ट परत मिळवून होल्डरवर १३.७ व्होल्ट आणले, तर त्याच बल्बचा उजेड आधीच्या जवळजवळ दीडपट होतो, आणि त्यासाठी बल्ब बदलावा लागत नाही.

त्याच गाडीत वायरिंगला हात न लावता ९० वॅटच्या डिपरचा बल्ब बसवला तर काय होते ते पाहू. ५५ वॅटचा बल्ब सुमारे ४.६ अँपिअर प्रवाह घेत होता. ९० वॅटचा बल्ब सात अँपिअरहून अधिक घेतो. मार्गातील रोध तोच असल्यामुळे आता वाटेत सुमारे २.८ व्होल्ट हरवतात आणि होल्डरवर ११.२ व्होल्टच उरतात. त्या व्होल्टेजवर नवा बल्ब स्वतःच्या पूर्ण क्षमतेच्या निम्म्याहून थोडाच अधिक उजेड देतो. उष्णतेचे गणित याहून गंभीर आहे. पूर्वी एका बाजूच्या तारा, जोड आणि होल्डर मिळून सुमारे ८ वॅट उष्णता निर्माण होत होती. आता ती सुमारे २० वॅट होते, आणि तिचा मोठा भाग जिथे संपर्क सर्वांत कमकुवत आहे तिथे, म्हणजे बहुधा होल्डरच्या पत्त्यांमध्ये, एकवटतो. पत्ती तापली की तिचा ताण सैल पडतो, ताण सैल पडला की संपर्काचा रोध वाढतो आणि रोध वाढला की ती आणखी तापते. होल्डर वितळण्याची खरी प्रक्रिया ही आहे. सिरॅमिकचा होल्डर घातल्याने प्लास्टिक वितळणे थांबते, पण मागची तार, तारांचे जोड आणि स्टिअरिंगजवळचा कॉम्बिनेशन स्विच तापायचे थांबत नाहीत. कित्येक जुन्या गाड्यांत हेडलाइटचा संपूर्ण प्रवाह त्या स्विचमधून जातो, आणि तो स्विच जळाला तर रात्रीच्या रस्त्यावर दोन्ही दिवे एकाच क्षणी जाऊ शकतात.

मोजमाप कसे करावे

सर्वांत जास्त फसगत इथे होते. बरेच जण बल्ब काढून मोकळ्या कपलरवर, म्हणजे बल्बच्या पत्त्यांवर बसणाऱ्या होल्डरवर, मल्टीमीटर लावतात, तिथे १२ ते १४ व्होल्ट दिसतात आणि वायरिंग ठीक असल्याचा निष्कर्ष काढला जातो. प्रवाह वाहत नसताना खराब जोडावरही पूर्ण व्होल्टेज दिसते, त्यामुळे असे मोजमाप निरुपयोगी आहे. बल्ब जागेवर, पेटलेला आणि कपलर जोडलेला असला पाहिजे; मीटरची टोके कपलरच्या मागच्या बाजूने, तारेलगतच्या फटीतून धातूच्या पत्तीपर्यंत अलगद सरकवावीत. टोके जाड असतील तर त्यांना बारीक टाचणी जोडून काम भागते, मात्र दोन टाचण्या एकमेकींना किंवा गाडीच्या पत्र्याला लागणार नाहीत याची खात्री करावी. तारेचे आवरण टोचून मोजू नये. त्या भोकातून पावसाचे पाणी शिरते आणि आतले तांबे वर्षभरात हिरवे पडते.

इंजिन सुरू करून आरपीएम १५०० ते २००० च्या दरम्यान ठेवावा, डिपर लावावा आणि प्रथम बॅटरीच्या दोन टर्मिनलांमधील व्होल्टेज पाहावे. सुस्थितीतील गाडीत ते साधारण १३.८ ते १४.४ असते. ते १३ च्या खालीच राहत असेल तर अल्टरनेटर, त्याचा पट्टा किंवा बॅटरी यांकडे आधी लक्ष द्यावे. हेडलाइटवर खर्च करण्याची ती वेळ नव्हे. बॅटरीचा आकडा योग्य असेल तर दोन वेगवेगळी मोजमापे घ्यावीत. पहिल्यात मीटरचे एक टोक बॅटरीच्या पॉझिटिव्हवर आणि दुसरे पेटलेल्या बल्बच्या पॉझिटिव्ह पत्तीवर ठेवावे. जो आकडा दिसेल तेवढे व्होल्ट पुरवठ्याच्या बाजूला हरवत आहेत. दुसऱ्यात एक टोक बल्बच्या अर्थिंगच्या (प्रवाह बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेणाऱ्या) पत्तीवर आणि दुसरे बॅटरीच्या निगेटिव्हवर ठेवावे. हा आकडा अर्थिंगच्या बाजूचे नुकसान दाखवतो. दोन्ही मिळून अर्ध्या व्होल्टच्या आत असतील तर वायरिंगला दोष देता येत नाही. एक व्होल्टच्या पुढे गेले तर दुरुस्ती आवश्यक आहे. दोन्ही बाजूंचे दिवे स्वतंत्रपणे मोजावेत, कारण डाव्या-उजव्या दिव्यांतील फरक दोष कोठे आहे हे पटकन सांगतो.

कपलरची कोणती पत्ती कशाची हे ओळखणे सोपे आहे. एच-४ बल्बला तीन पत्त्या असतात. वरची आडवी पत्ती डिपरची असते, आणि बाजूच्या दोन उभ्या पत्त्यांपैकी एक अपरची व एक दोन्हींसाठी सामाईक, म्हणजे बहुतेक गाड्यांत अर्थिंगची, असते. काही जपानी बनावटीच्या गाड्यांत मात्र सामाईक पत्तीवर कायम पॉझिटिव्ह येतो आणि स्विच निगेटिव्हची बाजू जोडतो-तोडतो. आपल्या गाडीत कोणती रचना आहे हे याच टप्प्यावर तपासून घ्यावे, कारण बाजारातले सर्वसाधारण रिले किट (रिले म्हणजे लहान प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच) उलट रचनेच्या गाडीत सरळ चालत नाही आणि मग वायरमन तारा तोडून जोडाजोड करू लागतो.

अर्थिंगकडे आधी पाहावे

एकच दिवा मंद असेल, डिपर लावल्यावर त्या बाजूची अपरची फिलामेंटही किंचित तांबूस दिसत असेल किंवा डॅशबोर्डवरचा अपरचा निळा दिवा मिणमिणत असेल, तर अर्थिंग खराब असल्याची शक्यता फार मोठी आहे. डिपरच्या प्रवाहाला परतीची सरळ वाट मिळत नाही, म्हणून तो अपरच्या फिलामेंटमधून दुसरीकडे वाट शोधतो.

कोकणात आणि किनाऱ्यालगत राहणाऱ्या गाड्यांत हा दोष अधिक दिसतो. खारी हवा, पावसाळ्यात बंपरच्या आतपर्यंत उडणारा चिखल आणि महिनोन्‌महिने न वाळणारे कोपरे यांमुळे हेडलाइटच्या मागे पत्र्यावर आवळलेला अर्थिंगचा स्क्रू आतून गंजतो, आणि वरून मात्र तो घट्टच दिसतो. तो सोडवून खालचा पत्रा चमकेपर्यंत घासावा, तारेच्या टोकावरचे थिंबल (धातूची कडी) काळे पडले असेल तर नवे लावावे, स्क्रू पुन्हा आवळून वरून ग्रीस किंवा पेट्रोलियम जेलीचा पातळ थर द्यावा आणि मोजमाप पुन्हा घ्यावे. हे काम अर्ध्या तासाचे आहे आणि खर्च नगण्य आहे. अनेक गाड्यांची तक्रार एवढ्यावर मिटते.

होल्डरच्या पत्त्या सैल किंवा काळ्या झाल्या असतील तर होल्डर बदलावा. नव्या होल्डरच्या तारा जुन्या तारांना नुसत्या पिळून टेप गुंडाळू नये. योग्य मापाचे क्रिंप (पकडीने दाबून बसवण्याचे) जोड वापरून वरून उष्णतेने आवळणारी नळी चढवावी. पिळलेला जोड नवा असताना चांगला चालतो आणि एका पावसाळ्यानंतर तोच नवा दोष बनतो.

पुरवठ्याची बाजू कमजोर असेल तर रिले

अर्थिंग सुधारूनही पॉझिटिव्ह बाजूला एक व्होल्टहून अधिक हरवत असेल, तर रिलेसह स्वतंत्र वायरिंग हा खरा उपाय आहे. यात बॅटरीपासून जाड तार फ्यूजमधून रिलेला आणि रिलेतून बल्बला जाते. गाडीची मूळ तार फक्त रिलेची कॉइल चालवते. कॉइलला अँपिअरच्या अगदी लहान भागाइतकाच प्रवाह लागतो, त्यामुळे जुना स्विच आणि जुन्या बारीक तारा यांच्यावरचा भार जवळजवळ संपतो. तारेच्या जाडीने किती फरक पडतो तेही आकड्यांत पाहण्यासारखे आहे. ०.७५ चौरस मिलिमीटरच्या चार मीटर तांब्याच्या तारेतून १० अँपिअर गेले तर सुमारे ०.९ व्होल्ट हरवतात, २.५ चौरस मिलिमीटरच्या दोन मीटर तारेत त्याच प्रवाहाला ०.१४ व्होल्ट हरवतात.

रिलेवर ३०, ८७, ८५ आणि ८६ असे आकडे छापलेले असतात. ३० वर बॅटरीकडून फ्यूजमधून आलेली तार, ८७ वर बल्बकडे जाणारी तार, आणि ८५ व ८६ वर कॉइलची दोन टोके येतात, ज्यांपैकी एक जुन्या कपलरच्या डिपर किंवा अपरच्या पत्तीकडून व दुसरे अर्थिंगकडून येते. अपरसाठी आणि डिपरसाठी वेगळा रिले हवा. फ्यूज बॅटरीच्या टर्मिनलपासून वीतभर अंतराच्या आत असला पाहिजे, कारण फ्यूजच्या आधीचा तारेचा भाग असुरक्षित असतो आणि अपघातात किंवा घर्षणाने तो भाग पत्र्याला टेकला तर बॅटरीचा पूर्ण प्रवाह त्यातून वाहतो. डाव्या आणि उजव्या बाजूला वेगवेगळे फ्यूज द्यावेत असे मी आग्रहाने सांगेन. एकाच फ्यूजवर दोन्ही दिवे असतील आणि तो वरंध किंवा आंबोलीच्या वळणावर गेला, तर चालकाला क्षणात काहीही दिसेनासे होते.

रिले कोरड्या जागी, पत्त्या खाली येतील असा बसवावा, म्हणजे पाणी आत साचत नाही. तारा पन्हळी असलेल्या प्लास्टिकच्या नळीतून न्याव्यात, रेडिएटरचा पंखा व एक्झॉस्ट यांपासून दूर ठेवाव्यात आणि पत्र्याच्या भोकातून जाताना तिथे रबरी ग्रोमेट असावा. काम सुरू करण्याआधी बॅटरीचे निगेटिव्ह टर्मिनल सोडावे आणि ते सर्वांत शेवटी जोडावे.

फ्यूज वारंवार उडतो म्हणून मोठ्या क्षमतेचा फ्यूज किंवा त्याच्या जागी तांब्याची तार घालण्याची पद्धत काही ठिकाणी दिसते. ती आगीला निमंत्रण देणारी आहे. फ्यूजची क्षमता मागच्या तारेला झेपेल अशी ठरवलेली असते. फ्यूज मोठा केला की फ्यूजऐवजी तार जळते, आणि ती पेट्रोलच्या नळ्यांच्या शेजारून गेलेली असू शकते.

अलीकडच्या गाड्यांत हेडलाइटचा पुरवठा बॉडी कंट्रोल मॉड्यूलमधून, म्हणजे गाडीचे दिवे वगैरे नियंत्रित करणाऱ्या इलेक्ट्रॉनिक पेटीतून, होतो. ते मॉड्यूल बल्बचा प्रवाह तपासते आणि काही गाड्यांत पुरवठा अतिवेगाने चालू-बंद करून व्होल्टेज नियंत्रित करते. अशा गाडीत स्वतः रिले जोडू नये. मॉड्यूल महाग असते, त्यातील दोष वॉरंटीत नाकारला जाऊ शकतो, आणि या गाड्यांची मूळ वायरिंग सहसा इतकी खराब नसते की रिलेची गरज पडावी.

कोणता बल्ब घ्यावा

वायरिंग दुरुस्त झाल्यावरही अधिक उजेड हवा असेल तर ६०/५५ वॅटच्याच मर्यादेत चांगल्या प्रतीचा बल्ब घ्यावा. '१०० टक्के अधिक' किंवा '१३० टक्के अधिक' असे लिहिलेले नामांकित कंपन्यांचे बल्ब याच वॅटचे असतात. त्या आकड्याचा अर्थ एकूण उजेड दुप्पट होतो असा नाही, कारण मानकानुसार एकूण ल्युमेन ठरलेल्या आकड्याच्या १५ टक्के वर-खालीच असू शकतात. रस्त्यावरील काही ठरावीक बिंदूंवर किमान मर्यादेच्या तुलनेत किती प्रकाश पडतो याविषयीचा तो दावा असतो. फिलामेंट बारीक व अधिक नेमकी बसवलेली असल्याने प्रकाश जिथे हवा तिथे एकवटतो आणि त्याचा फायदा डोळ्यांना जाणवतो. त्याची किंमत बल्बच्या आयुष्यात मोजावी लागते. जो दररोज रात्री लांबचा प्रवास करतो त्याने हे जाणून घ्यावे, आणि जो शहरातच चालवतो त्याने साधा बल्ब वापरावा.

निळसर काचेचे बल्ब घेऊ नयेत. निळा थर काही प्रकाश अडवतो, म्हणजे तेवढ्याच वॅटमध्ये रस्त्यावर कमी उजेड पोहोचतो, आणि ओल्या काळ्या डांबरावर ही घट लगेच जाणवते.

९०/१०० किंवा १००/१३० वॅटचे बल्ब सार्वजनिक रस्त्यावर वापरण्यासाठी मान्य नाहीत. त्यांच्या वेष्टनावर बहुधा बारीक अक्षरांत तसे लिहिलेलेही असते. आपल्याकडे वाहनांच्या फिलामेंट बल्बसाठी एआयएस-०३४ हे मानक आहे आणि अशा मानकांचे काम पुण्यातील ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया, म्हणजे एआरएआय, पाहते. बल्बच्या धातूच्या भागावर वर्तुळातील इंग्रजी 'ई' अक्षर व आकडा कोरलेला असणे हे युरोपीय मान्यतेचे चिन्ह आहे. पुण्याच्या नाना पेठेत काय किंवा कोणत्याही शहराच्या सुट्या भागांच्या बाजारात काय, हे चिन्ह आणि वॅट दोन्ही बल्बवरच वाचून घ्यावेत, खोक्यावर विसंबू नये. रिलेसह उत्तम वायरिंग केली तरी १०० वॅटची उष्णता बंद हेडलाइटच्या आतच राहते. तिने परावर्तकाचा चकचकीत थर धुरकट होतो, प्लास्टिकची काच आतून तडकते किंवा पिवळी पडते, आणि वर्षभरात दिवा मूळ बल्बवरही पूर्वीपेक्षा मंद होतो. परावर्तक पुन्हा पूर्ववत होत नाही, अख्खा हेडलाइट बदलावा लागतो.

एलईडी बल्बविषयी आज सर्वाधिक विचारणा होते, म्हणून ते जरा सविस्तर सांगतो. हॅलोजनच्या हेडलाइटमधील परावर्तकाचा प्रत्येक वक्र भाग फिलामेंटच्या नेमक्या जागेसाठी आणि आकारासाठी घडवलेला असतो. एच-४ च्या डिपरच्या फिलामेंटखाली धातूची एक छोटी वाटी असते. ती प्रकाशाचा खालचा भाग अडवते आणि त्यामुळेच भिंतीवर डिपरची ती स्वच्छ आडवी रेघ उमटते. एलईडीच्या चिप सपाट असतात आणि पट्टीच्या दोन बाजूंना बसवलेल्या असतात. जागा एक-दोन मिलिमीटरने सरकली तरी रेघ पुसट होते आणि प्रकाश वर पसरतो. चालकाला मात्र गाडीच्या पुढचा जवळचा रस्ता पांढराशुभ्र दिसतो आणि सुधारणा झाली असे वाटते. जवळचा भाग अति उजळला की डोळ्याची बाहुली आकुंचन पावते आणि दूरवरचा पादचारी, बैलगाडी किंवा बंद पडलेला ट्रक उलट कमी दिसतो. समोरून येणाऱ्याला तर काही क्षण काहीच दिसत नाही.

जर्मनीत २०२० मध्ये हॅलोजनच्या जागी बसणाऱ्या एलईडी बल्बला रस्त्यावर वापरण्याची पहिली परवानगी मिळाली, पण ती सरसकट नव्हती; ज्या गाड्यांच्या हेडलाइटमध्ये तो बल्ब तपासून पाहिला गेला होता त्यांच्या यादीपुरतीच ती होती. बल्ब आणि हेडलाइट यांची जोडी तपासावी लागते, सुटा बल्ब नव्हे, हे त्यातून स्पष्ट होते. आपल्या केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये दिव्याचा झोत ८ मीटर अंतरावर, दिव्याच्या उजवीकडे अर्ध्या मीटरवर आणि जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या व्यक्तीला दिपवणारा नसावा अशी अट आहे. बाजारातील बहुसंख्य एलईडी किट एच-४ च्या परावर्तकात बसवल्यावर ती पाळत नाहीत. झेनॉनचे किट हॅलोजनच्या परावर्तकात घालणे त्याहून वाईट आहे. युरोपीय नियमांत २००० ल्युमेनहून अधिक प्रकाशाच्या डिपरला आपोआप उंची जुळवणारी यंत्रणा आणि काच धुण्याची सोय लागते, ती उगीच नाही.

काच

व्होल्टेज योग्य, बल्ब योग्य आणि तरीही उजेड कमी, अशी स्थिती असेल तर दोष बहुधा हेडलाइटच्या काचेत आहे. अलीकडच्या बहुतेक गाड्यांत ही काच प्रत्यक्षात पॉलिकार्बोनेट, म्हणजे एक प्रकारचे प्लास्टिक, असते. तिच्यावरचा संरक्षक थर उन्हाने गेला की ती पिवळी व धुरकट होते. ८०० पासून २००० नंबरपर्यंतच्या पॉलिश पेपरने पाण्यासह क्रमाने घासून नंतर पॉलिश केल्यास ती स्वच्छ होते, पण वर अतिनील किरणांपासून वाचवणारा नवा क्लिअर कोट दिला नाही तर काही महिन्यांत पूर्वीपेक्षा वाईट होते. टूथपेस्टने घासण्याचे प्रयोग करू नयेत.

बल्ब वारंवार जात असेल तर

दोन्ही बाजूंचे बल्ब थोड्या दिवसांच्या अंतराने जात असतील तर चार्जिंगचे व्होल्टेज पाहावे. व्होल्टेज ५ टक्के वाढले तर बल्बचे आयुष्य जवळपास निम्मे होते. बॅटरीवर १५ व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून अधिक दिसत असतील तर अल्टरनेटरचा रेग्युलेटर बहुधा बिघडला आहे, आणि बल्बपाठोपाठ बॅटरी व इतर इलेक्ट्रॉनिक भागही धोक्यात आहेत. रिले बसवल्यानंतर बल्बचे आयुष्य थोडे कमी होणे मात्र स्वाभाविक आहे, कारण आता त्याला पूर्ण व्होल्टेज मिळते.

एकाच बाजूचा बल्ब जात असेल तर बसवण्याची पद्धत तपासावी. हॅलोजन बल्बच्या काचेला बोट लावू नये. घामातील क्षार अति उष्णतेत काचेच्या रचनेत बदल घडवतात आणि तिथून ती कमकुवत होते. बोट लागलेच तर स्पिरिटने पुसून, वाळवून मगच दिवा लावावा. आतला वायू दाबाखाली असतो, त्यामुळे गरम बल्ब काढू नये आणि डोळ्यांवर चष्मा असावा. बल्बच्या कडेचे तीन दात खाचांत नेमके बसले पाहिजेत आणि त्यांतला रुंद दात वर आला पाहिजे. स्प्रिंगची तार सैल असेल तर खड्ड्यांच्या रस्त्यावर बल्ब थरथरतो आणि फिलामेंट तुटते. बल्बच्या मागचे रबरी झाकण (बूट) फाटले असेल तर ते बदलावे. एलईडीच्या पंख्याला जागा करण्यासाठी ते कापणे किंवा काढून टाकणे ही मोठी चूक आहे, कारण पहिल्याच पावसात आत दव धरते आणि परावर्तकाची चमक कायमची जाते.

फोकस

बल्ब किंवा होल्डर यांना हात लागला की फोकस पुन्हा तपासणे अनिवार्य समजावे. टायरमधील हवा योग्य ठेवून, चालक आसनावर बसलेला असताना, गाडी सपाट जमिनीवर भिंतीपासून बरोबर ५ मीटरवर सरळ उभी करावी. हेडलाइटची उंची जुळवणारे चाक डॅशबोर्डवर असेल तर ते शून्यावर ठेवावे. बल्बच्या केंद्राची जमिनीपासूनची उंची मोजून भिंतीवर तेवढ्या उंचीवर आडवी खूण करावी आणि तिच्याखाली ५ सेंटिमीटरवर दुसरी रेघ ओढावी. एक दिवा कापडाने झाकून दुसऱ्याच्या डिपरची वरची कड या खालच्या रेघेवर आणावी, म्हणजे झोत दर १० मीटरला १० सेंटिमीटर उतरतो. हेडलाइटवरच्या पट्टीवर वेगळी टक्केवारी छापलेली असेल तर ती प्रमाण मानावी. पेटलेला दिवा कापडाने जास्त वेळ झाकून ठेवू नये.

आपल्याकडे वाहने डावीकडून चालतात, म्हणून ती कड डावीकडे वर चढलेली दिसली पाहिजे; त्यामुळे रस्त्याच्या डाव्या कडेचे पादचारी व दगड दिसतात आणि समोरच्याचे डोळे वाचतात. चढ उजवीकडे दिसत असेल तर हेडलाइट उजवीकडून वाहने चालणाऱ्या देशासाठी बनलेला आहे. भंगार बाजारातून आणलेल्या परदेशी गाड्यांच्या सुट्या हेडलाइटमध्ये हे घडते, आणि तो दिवा कितीही फोकस केला तरी आपल्या रस्त्यावर चालणार नाही. मागे माणसे व सामान भरल्यावर गाडीचे नाक वर उचलले जाते आणि सेट केलेला झोतही वर जातो. उंचीचे चाक त्यासाठीच दिलेले असते, पण सुट्टीत गावाकडे भरलेली गाडी घेऊन निघालेले फार थोडे चालक ते वापरतात. चाक १ किंवा २ वर फिरवले की समोरच्या वाहनांचे अपर मारणे बहुधा थांबते.

काम झाल्यानंतर

अर्धा तास दिवे चालू ठेवून मग ते बंद करावेत आणि कपलर, रिले व फ्यूजच्या धारकाला हाताची मागची बाजू लावून पाहावी. कोमट असणे ठीक आहे. हात ठेवता येत नसेल इतका कोणताही जोड तापला असेल तर तो उघडून पुन्हा करावा. त्यानंतर पॉझिटिव्ह आणि अर्थिंग या दोन्ही बाजूंची मोजमापे परत घेऊन तारखेसह सर्व्हिस बुकमध्ये लिहून ठेवावीत. पुढच्या पावसाळ्यानंतर तीच मोजमापे घेतली की कोणता जोड हळूहळू खराब होत आहे हे उजेड कमी होण्याच्या आधीच कळते, आणि दुरुस्ती दिवसाउजेडी, आपल्या सोयीने करता येते. गाडीत एक जास्तीचा ६०/५५ बल्ब मऊ कापडात गुंडाळून आणि योग्य क्षमतेचे दोन फ्यूज ठेवावेत.